आगगाडीचा छंद

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत 'छंद' हा शब्द बहुधा दोनच प्रसंगीं कानीं पडतो. मुलाला परीक्षेंत गुण कमी मिळाले म्हणजे त्याला नाहीं नाहीं ते छंद लागले आहेत असें आपण म्हणतों. आणि एखादे गृहस्थ नोकरींतून निवृत्त झाले म्हणजे आतां कांहीं तरी छंद लावून घ्या असा त्यांस उपदेश करितों. म्हणजे छंद हा विद्यार्थिदशेंत दोष आणि पेन्शनीच्या वयांत औषध! मधल्या तीस-पस्तीस वर्षांत, जेव्हां अंगांत बळ आणि पदरीं पैसा असतो, तेव्हां माणसाला छंद असावा कीं नसावा, याविषयीं आपलें शास्त्र मुग्ध आहे. या प्रश्नाचा विचार करण्याचा योग आम्हांस नुकताच आला, आणि तो पुण्यास कोथरूड येथील एक खासगी संग्रहालय पाहण्याच्या निमित्तानें आला. त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आमचें बिऱ्हाड मुलुंडास आहे. इमारत जुनी झाल्यामुळें ती पाडून त्याच जागीं उंच मनोरा बांधावयाचा असें ठरलें आहे. मुलुंडच काय, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर कोठेंही जा, उपनगरांतील जुन्या इमारतींतून हल्लीं हीच वार्ता ऐकूं येते. घर बदलावयाचें म्हणजे माळ्यावरील वस्तूंचा न्यायनिवाडा करणें ओघानेंच आलें. या निवाड्यांत आमच्या कैलासवासी वडिलांची लोखंडी ट्रंक पुढें आली. वडील १९४८ सालीं जी. आय. पी. रेल्वेंत लागले, १९५१ सालीं तिची मध्य रेल्वे झाली, पुढें प्रथम मालगाड्यांवर आणि नंतर उतारूंच्या गाड्यांवर गार्ड म्हणून काम करून ते निवृत्त झाले. ट्रंकेंत त्यांचा तांबड्या-हिरव्या कांचांचा हातकंदील, दोन निशाणें, एक शिटी, जाड पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटांची चवड आणि दोरीनें बांधलेलीं वेळापत्रकें, एवढा ऐवज निघाला.

आमचे धाकटे बंधु बँकेंतून निवृत्त झालेले. हिशेब त्यांच्या रक्तांतच आहे. ते म्हणाले, "दादा, ही ट्रंक सहा चौरस फूट जागा अडवते. नव्या घरांतल्या सहा चौरस फुटांची किंमत तुम्ही एकदां करून पाहा. अण्णांविषयीं मला का कमी आदर आहे? पण कंदील लावायचा कुणी, आणि निशाण दाखवायचं कुणाला?" आमच्या सौभाग्यवतींनीं "मामंजींचा कंदील माझ्या देखत भंगारांत जायचा नाहीं" असें एका वाक्यांत सांगून विषय संपविला, पण घरांत विषय असे संपत नसतात. चार दिवस जेवतांना हाच वाद चालला. दोघांचेंही म्हणणें आम्हांस पटत होतें, म्हणून निकाल देववेना. शेवटीं आमच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, काय तें ठरवण्याआधीं कोथरूडचं तें रेल्वेचं संग्रहालय सगळ्यांनीं एकदां पाहून येऊं या. एका गृहस्थांनीं स्वतःच्या हौसेनं उभं केलं आहे म्हणतात." नातवानें ही सूचना उचलून धरिली, आणि पुढच्याच रविवारीं आम्ही सहा माणसें निघालों. आगगाडीच्या दर्शनास आगगाडीनेंच जाणें शोभलें असतें. परंतु सौभाग्यवतींचे गुडघे पूल चढूं देत नाहींत, सबब मोटार ठरविली.

मुलुंडच्या माणसास आगगाडीचा इतिहास शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क १८४३ सालीं आमच्या शेजारच्या भांडुपास आले असतां मुंबईहून ठाणें-कल्याणकडे व पुढें घाटांकडे लोहमार्ग न्यावा, ही कल्पना त्यांस प्रथम सुचली असें सांगतात. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या गृहस्थांनीं ती उचलून धरिली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं चौदा डबे व सुमारें ४०० निमंत्रित मंडळी घेऊन पहिली गाडी तोफांच्या सलामींत बोरीबंदराहून सुटून एकवीस मैलांवरील ठाण्यास पोंचली. वाटेंत ती मुलुंडच्या शिवारांतूनच गेली. ज्या रुळांच्या खडखडाटांत आमचें सारें आयुष्य गेलें, त्या रुळांची ही कुळकथा आम्हीं मोटारींत नातवास सांगितली. ऐरोलीचा पूल ओलांडून पनवेल मागें टाकीपर्यंत ती पुरली.

बोरघाटांत मात्र सांगण्यापेक्षां पाहण्यासारखें पुष्कळ आहे. घाटाच्या माथ्याजवळचा १८३० सालचा जुना पूल, जो पुढें जाहिरातीवरून 'अमृतांजन पूल' या नांवानें प्रसिद्ध झाला, तो एप्रिल २०२० मध्यें पाडण्यांत आला. त्याची जागा जातां जातां बंधूंनीं नातवास दाखविली आणि म्हटलें, "बघ, पूल गेला आणि वाहतूक मोकळी झाली." बोलण्याचा रोख ट्रंकेकडे होता, हें सर्वांनीं ओळखलें, कोणी कांहीं बोललें नाहीं.

खंडाळ्यास राजमाचीच्या बाजूस थांबून आम्हीं दरींत पाहिलें. समोरच्या कड्यांतून लोहमार्ग वर चढतांना दिसतो. या घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढ, जागोजागीं सदतीस फुटांस एक फूट अशी उभी चढण आणि पंचवीस बोगदे! पहिल्या ठेकेदारानें काम मध्येंच सोडलें. त्याच्यामागून सॉलोमन ट्रेडवेल नांवाचे ठेकेदार १८५९ सालीं विलायतेहून आले आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं पतीचा ठेका स्वतःच्या शिरावर घेऊन कामें तडीस नेलीं. १८६१ च्या सुमारास येथें एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. सुरुंग, दरडी आणि पटकीची साथ यांनीं त्यांतील किती तरी माणसें याच डोंगरांत राहिलीं. घाट खुला झाला तो एप्रिल १८६३ मध्यें. तोंपर्यंत पुण्याकडील उतारू पायथ्याशीं गाडी सोडून पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं खंडाळ्यास येत आणि तेथें दुसऱ्या गाडींत बसत. कारण खंडाळा-पुणें गाडी १८५८ पासूनच चालूं झाली होती.

सूनबाईंनीं विचारिलें, "त्या मजुरांचीं नांवं कुठें लिहिलेलीं आहेत का?" आम्हीं सांगितलें कीं, आमच्या पाहण्यांत तरी तसा एकही फलक आला नाहीं. दरींतून एक मालगाडी चढत होती. पुढें इंजिनें होतींच, आणि मागून ढकलणारीं निराळीं इंजिनें लाविलीं होतीं. दीडशें वर्षें होऊन गेलीं, वाफ जाऊन वीज आली. पण या चढणीस मागून रेटा देणारें कोणी तरी अजून लागतेंच.

दुपारच्या सुमारास कोथरूडास पोंचलों. कर्वे रस्त्यापासून जवळच, वस्तींतल्या एका गल्लींत हें 'जोशी यांचें चिमुकल्या रेल्वेचें संग्रहालय' आहे. राजधानी दिल्लींत १९७७ पासून सरकारचें राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. इंग्लंडांत यॉर्क येथें १९७५ पासून तसेंच मोठें संग्रहालय आहे. तेथें खरीं प्रचंड इंजिनें मोठमोठ्या जागांत उभीं आहेत. कोथरूडचें संग्रहालय ही निराळ्याच जातीची गोष्ट होय. हें सरकारनें काढिलेलें नाहीं, कीं कोणा संस्थानिकानें नाहीं. याचे संस्थापक कैलासवासी बी. एस. जोशी, लोक त्यांस भाऊ जोशी म्हणून ओळखीत. त्यांनीं १९८२ सालीं मित्रांच्या साहाय्यानें पुण्याच्या गोपाळ हायस्कुलांत छोट्या आगगाड्यांचा देखावा मांडून दाखविला. दोन वर्षांनीं हलवितां येईल असा मोठा देखावा तयार करून तो मुंबई-सांगलीकडेही नेला. प्रत्येक वेळीं तो मोडणें, वाहणें आणि पुन्हां जुळविणें जिकिरीचें झालें, तेव्हां कायमची जागा बांधण्याचें ठरवून १९९१ सालीं त्यांनीं कामास आरंभ केला, आणि १ एप्रिल १९९८ रोजीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. पहिल्या देखाव्यापासून मोजलीं तर सोळा वर्षें! आपल्याकडे एवढ्या अवधींत मुलगा बालवर्गापासून पदवीपर्यंत जातो.

आंत एक अख्खें शहर मांडलें आहे. घरें, रस्ते, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, डोंगर, बोगदे, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव. आणि या सर्वांमधून नागमोडी जाणारे रूळ. प्रमाण असें कीं, खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी प्रत्येक वस्तु. रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीच्या रुंदीहून कांहींसें अधिक. साठाहून अधिक सिग्नल आहेत. प्रेक्षकांस बसवून अर्ध्या तासाच्या आंत संपणारा खेळ दाखवितात. वाफेच्या इंजिनाची गाडी निघते, अतिवेगाची गाडी सरकन् जाते, डोंगर चढणारी गाडी वर चढते, आणि एक गाडी तर चक्क रुळाखालीं लोंबकळत जाते. ही कवीची कल्पना नव्हे. जर्मनींत वुपरताल या शहरांत अशी लोंबती गाडी १९०१ पासून चालत आहे. मध्येंच खोलींतील उजेड मंदावतो, शहरांत रात्र होते, आणि घराघरांतील, रस्त्यांवरील, गाड्यांतील चिमुकले दिवे लागतात. त्या वेळीं प्रेक्षकांतलीं सारीं लहान मुलें गप्प झालीं. आमच्या बाजूस बसलेले मोठे लोकही गप्प झाले, ही अधिक सांगण्यासारखी गोष्ट.

हें चालतें कसें, याची फोड नातवानें केली. रुळांतूनच वीज इंजिनाच्या चाकांवाटे आंतील मोटारीस मिळते. म्हणून रुळांवर धूळ किंवा गंज राहून चालत नाहीं. पातळ थर जरी बसला तरी संपर्क तुटतो आणि गाडी जागींच थांबते. रूळ पुसणें हें अशा छंदाचें नित्यकर्म. शिवाय मार्गाचे टप्पे पाडलेले असतात. एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी असावी, ती पुढें सरकल्यावांचून मागच्या गाडीस हिरवा दिवा मिळूं नये, ही व्यवस्था आतां संगणक ठेवितो. खऱ्या रेल्वेचें मूलतत्त्वही हेंच आहे. बंधु कान देऊन ऐकत होते. बाहेर आल्यावर ते आम्हांस हळूच म्हणाले, "दादा, हें सगळं रोज पुसायचं, रोज जुळवायचं! खर्च आणि मेहनत धरली तर यांत व्यवहार कांहींच बसत नाहीं." आम्हीं म्हटलें, "बसत नाहीं खरा." "आणि तरीही चाललं आहे," असें म्हणून ते पुन्हां कांचेच्या कपाटांतील इंजिनें पाहण्यास गेले.

तेवढ्यांत नातवानें विचारिलें, "आजोबा, या गाड्यांना गार्ड कुठें आहे?"

आम्ही पाहूं लागलों. शेवटच्या डब्यांत कोणी उभें असलें तरी एवढ्या वेगांत आमच्या दृष्टीस तें दिसणें शक्य नव्हतें. पण प्रश्न खरा होता. मांडणींतील गाडी मध्येंच बंद पडली तर तिचें रक्षण संगणक करील. खरी गाडी घाटांत बंद पडली तर काय होतें? याचें उत्तर बंधूंनीं दिलें, आणि तें आम्हांसही नवीन होतें. आम्ही शिक्षणासाठीं आजोळीं राहिलेलों. धाकटे मात्र पुष्कळ वर्षें वडिलांजवळ होते. ते सांगूं लागले, "गाडी अचानक थांबली कीं ड्रायव्हर इंजिनापाशीं राहतो. मागून दुसरी गाडी येऊन आदळूं नये म्हणून अण्णांना कंदील घेऊन रुळांतून मागं चालत जावं लागे. थोडं गेल्यावर रुळावर एक फटाका बांधायचा, आणि पाऊण मैल गेल्यावर आणखी तीन. चाक वर आलं कीं फटाका वाजतो आणि मागचा ड्रायव्हर गाडी थांबवतो. श्रावणांतल्या रात्रीं घाटांत एकदां ते असे गेले होते. बोगद्यांत पाणी ठिबकत होतं, आणि कंदील विझूं नये म्हणून त्यांनीं तो कोटाच्या आंत धरला होता. त्याचा डाग त्या कोटावर कायम राहिला. आई तो कोट धुवायला काढी तेव्हां दर वेळीं ही गोष्ट निघायची."

नातू म्हणाला, "म्हणजे तोच कंदील?"

"तोच," बंधु म्हणाले, आणि थोडा वेळ बोलले नाहींत.

परतीच्या वाटेवर ट्रंकेचा विषय कोणीं काढिला नाहीं. पण आमच्या मनांत तोच घोळत होता. संस्कृतांत 'छन्द' म्हणजे इच्छा, स्वतःच्या मनाची ओढ. आणि 'छन्दस्' म्हणजे वृत्त, नियमांत बांधलेली अक्षरांची चाल. भाषेनें इच्छा आणि नियम हीं दोन टोकें एवढ्या जवळ जवळच्या शब्दांत ठेविलीं, याचें आम्हांस वर्गांत शिकवितांना नेहमीं नवल वाटे. कोथरूडास तें नवल उरलें नाहीं. ओढ होती म्हणून कामास आरंभ झाला. पण सोळा वर्षें तें टिकलें आणि त्यानंतरही चालत राहिलें, तें रूळ पुसण्याच्या रोजच्या नेमामुळें. ज्या ओढीस नेम नाहीं ती लहर. ज्या नेमास ओढ नाहीं ती नोकरी. निरुक्तकार यास्काचार्यांनीं तर 'छन्दस्' शब्दाची व्युत्पत्ति झांकणें, आच्छादणें या अर्थाच्या धातूपासून लाविली आहे. जें झांकून सुरक्षित ठेवितें तें छंदस्. कोटाच्या आंत धरलेला कंदील आम्हांस येथें आठवला.

परंतु बंधूंच्या हिशेबांतही तथ्य होतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. वडील गेल्यापासून ती ट्रंक माळ्यावर होती, आणि इतक्या वर्षांत तिनें कोणालाही कांहीं सांगितलें नव्हतें. कंदील होता, पण त्याची गोष्ट एकट्या बंधूंच्या स्मरणांत होती. ते आज अडुसष्टाच्या घरांत आहेत. वस्तु जपली आणि तिची हकीगत जपली नाहीं, तर ती वस्तु खरोखरच सहा चौरस फूट अडगळ होते. रेल्वेनें २०२२ पासून 'गार्ड' हें पदनाम बदलून 'गाडी व्यवस्थापक' असें केलें आहे. आणखी वीस वर्षांनीं गार्ड म्हणजे कोण, हें मुलांस समजावून सांगावें लागेल. आणि नुसत्या कंदिलाकडे बोट दाखवून तें समजणार नाहीं.

घरीं आल्यावर आठवडाभरांत जो निर्णय झाला तो असा. कंदील, निशाणें व शिटी नव्या घरीं न्यावयाचीं. त्यांस एक फडताळ पुरे. तिकिटें व वेळापत्रकें यांतील निवडक ठेवून उरलेलीं, ज्यांस अशा कागदांचा अभ्यास आहे अशा गृहस्थांस द्यावयाचीं. ट्रंक तेवढी भंगारांत गेली. तशी ती तळाशीं गंजलीच होती. ती उचलून देतांना बंधूंनीं सहा चौरस फूट वाचल्याचें मोठ्या समाधानानें जाहीर केलें. सौभाग्यवतींनींही आक्षेप घेतला नाहीं. त्यांचा हट्ट कंदिलासाठीं होता, ट्रंकेसाठीं नव्हता. आणि सूनबाईंच्या सूचनेवरून नातवानें एक जाड वही घातली. प्रत्येक वस्तूस एक पान: तिचें नांव काय, ती कशासाठीं, ती कोणीं कधीं वापरली. मजकूर बंधूंनीं सांगावा, नातवानें लिहावा, आणि शुद्धलेखन आम्हीं पाहावें, अशी कामाची वांटणी झाली. बंधु हल्लीं रोज सायंकाळीं चहानंतर "चल रे, लिहायला बस" म्हणून नातवास स्वतः हांक मारतात. कंदिलाची हकीगत चौदा पानें झाली, आणि निशाणांचा विषय अजून निघावयाचा आहे.

वाचकहो, आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं असें कांहीं तरी असेलच: एखाद्या आजोबांचा औषधाचा खल, कोणा काकांच्या कीर्तनांतल्या चिपळ्या, आत्याबाईंचा शिवणकामाचा डबा, मोडीतले हिशेबाचे कागद. सर्वच ठेवतां येणार नाहीं. उपनगरांतील घरें दिवसेंदिवस लहान होत आहेत, आणि कांहीं वस्तु टाकणें हाही गृहस्थधर्मच आहे. पण टाकण्यापूर्वीं आणि ठेवण्यापूर्वींही, तिच्याविषयीं ज्यांस माहीत आहे असें माणूस घरांत असेल तर त्यास समोर बसवून विचारून घ्यावें आणि लिहून ठेवावें. एक वही, एक मूल आणि सायंकाळचा अर्धा तास, एवढीच याची सामग्री आहे. त्या मुलाच्या परीक्षेवर याचा परिणाम होईल अशी धास्ती कोणास वाटत असेल, तर शिक्षकाच्या अनुभवानें आम्ही सांगतों कीं, होईल. निबंधाचे गुण वाढतील.